भुरीसाठी अंथरूण

श्यामरावांनी चपला काढल्या, गुडघ्यावर हात टेकून ते खाली बसले आणि दुकानाच्या मधोमध मांडलेल्या गोल निळ्या गादीवर एका कुशीवर आडवे झाले. गादी कुत्र्याची होती. त्यांचे पाय फरशीवर आले, डोकंही अर्धं बाहेर राहिलं. पण खुबा आणि कोपर गादीवर टेकलं होतं आणि त्यांना तेवढंच पाहायचं होतं.

काउंटरमागून दुकानदार धर्मपाल वाकून बघू लागला. "अंकल, ये डॉग का बेड है," तो शक्य तितक्या नम्रपणे म्हणाला.

"मालूम आहे," श्यामराव म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले.

रायपूरच्या समता कॉलनीतल्या त्या दुकानाला सगळीकडून काचा होत्या. येणारे-जाणारे थबकून आत बघत होते. दाराशी त्यांची सून शर्मिष्ठा हातात हेल्मेट धरून उभी होती. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लग्न होऊन या घरात आल्यापासून तिने सासऱ्यांना बनियनवर दारात उभं राहिलेलंसुद्धा कधी पाहिलं नव्हतं.

भिंतीवरच्या घड्याळात पंधरा मिनिटं झाल्यावर श्यामराव उठले. जिथे खुबा टेकला होता तिथे त्यांनी मूठ दाबली. मूठ थेट फरशीला लागली. आतला भराव दोन्ही बाजूंना सरकून गेला होता. हे महिनाभरात पोळीसारखं होईल, असं त्यांनी धर्मपालला सांगितलं. धर्मपालने मग वरच्या फळीवरून दुसरी गादी काढली. ती काळी, जाड, चकचकीत होती. ही सगळ्यांत चांगली, पाणी पडो की काही पडो, नुसतं फडकं मारलं की साफ, असं तो सांगत होता. श्यामरावांनी तिच्यावर तळवा ठेवला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला.

"रेक्झिन नको," ते म्हणाले.

त्या दिवशी ते गोलबाजारात गेले, रुग्णांचं सामान मिळतं त्या दुकानात गेले, बूढापाऱ्यातल्या आपल्या घराजवळच्या जुन्या गादीवाल्याकडेही गेले. हवेची गादी भुरीच्या, म्हणजे त्यांच्या म्हाताऱ्या कुत्रीच्या, नखांनी फुटली असती. कापसाची गादी एकदा भिजली की चार दिवस वाळली नसती. दुपारी तीनला शर्मिष्ठाने एका रसवंतीपाशी स्कूटर थांबवली आणि सकाळपासून मनात असलेलं बोलून टाकलं.

"बाबा, आपण सकाळपासून फिरून राहिलो. तुम्हीच काहून नाही शिवत? तुमच्यापेक्षा चांगलं कोण बनवणार?"

श्यामरावांनी रसाचा पेला तसाच खाली ठेवला. घरी जाऊ म्हणाले.

श्यामराव ढोमणे रेल्वेतून निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या कागदावर हुद्दा होता 'ट्रिमर'. हा शब्द बाहेर कोणाला कळत नसे. मग ते सांगत, तुम्ही गाडीत ज्याच्यावर झोपता ना, ते मी शिवतो. पस्तीस वर्षं त्यांनी डब्यांतल्या बर्थच्या गाद्या शिवल्या. बिडीने जळालेलं, चाकूने चिरलेलं रेक्झिन उसवायचं, आतला काथ्या नाहीतर फोम बदलायचा, नवं रेक्झिन ताणून कडा दाभणाने बंद करायच्या. त्यांचा टाका शोधून सापडत नसे. फोमचा तुकडा नुसता मुठीत दाबून हा किती वर्षं टिकेल ते सांगत आणि त्यात कधी फरक पडत नसे. त्यांचे वडील भंडाऱ्याहून रेल्वेच्या नोकरीत रायपूरला आले तेव्हा हे तलावांचं आणि धानाच्या गिरण्यांचं गाव होतं. श्यामरावांच्या डोळ्यांदेखत ते राजधानीचं शहर झालं, मग त्या राजधानीलाही शहर पुरेना आणि दूर शेतांमध्ये नवी राजधानी बांधली. त्यांचा मुलगा अनिमेष आता रोज सकाळी बसने तिथल्या मंत्रालयात जात असे. श्यामरावांना या सगळ्याचं फार अप्रूप नव्हतं. आपण एक काम शिकलो आणि ते नीट केलं, एवढाच त्यांचा अभिमान होता. पण तो मोठा होता.

निवृत्तीनंतर दुसऱ्या वर्षी त्यांच्या बायकोला, विनोदिनीबाईंना, पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. दवाखान्यातून सोडताना डॉक्टरांनी बजावलं होतं की आता या पडूनच राहणार, पाठीला जखमा होतील, मोटारवर चालणारी हवेची गादी घ्या. श्यामराव ती बघून आले. प्लास्टिकचा फुगवलेला कागद आणि भुणभुण करणारी डबी. हे काय अंथरूण आहे, असं म्हणून ते हसले होते. आठ दिवस ओसरीत बसून त्यांनी स्वतः गादी शिवली. खाली कडक फोमचे दोन थर, वर नरम फोमचा एक, आणि त्यावर गर्द लाल रेक्झिन. पाठीला कुठे शिवण लागू नये म्हणून सगळे जोड बाजूला घेतले. गल्लीतली माणसं गादी बघायला आली. विनोदिनीबाईंना तिच्यावर निजवलं तेव्हा त्यांनी डाव्या हाताने रेक्झिन चाचपलं आणि नवऱ्याकडे बघितलं. श्यामरावांनी ते कौतुक समजलं.

दिवसभर बघायला शांताबाई ठेवली. माहेर गोंदियाकडचं, सासर रायपूरजवळच्या अभनपूरचं, नवरा वारलेला. बाई कमी बोलायची. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून दर दोन तासांनी विनोदिनीबाईंची कूस बदलायची, पुसायची, पावडर लावायची. पंधरा दिवसांतच ती श्यामरावांना म्हणाली की काकूंच्या पाठीखाली घाम साचतो, रेक्झिनवरून वाळत नाही. तिने स्वतःचं जुनं सुती लुगडं घडी करून त्यांच्याखाली घातलं. श्यामरावांनी ते काढलं. लुगड्याच्या घड्या पाठीला रुततील, असं त्यांनी कारण दिलं, आणि ते खोटं नव्हतं. तिने पुन्हा घातलं, त्यांनी पुन्हा काढलं. तिसऱ्या वेळी ते तिला म्हणाले, पस्तीस वर्षं मी हेच काम केलं, तू मले शिकवू नको. त्यानंतर लुगडं आलं नाही.

चौथ्या महिन्यात एका रविवारी अनिमेषला वास आला. त्याने आईला कुशीवर केलं. माकडहाडापाशी तळहाताएवढी जखम होती, कडा काळ्या पडलेल्या. आधी लाल चट्टा होता, शांताबाईने दाखवलाही होता, श्यामरावांनी त्यावर मलम आणून दिलं होतं. पण चट्ट्याची जखम दोन दिवसांत झाली. अनिमेष वेड्यासारखा ओरडू लागला. बाई आईला वळवतच नाही, दिवसभर बसून राहते, फुकटचा पगार घेते, चोर आहे. तोंडाला येईल ते तो बोलला. शांताबाई भिंतीला टेकून उभी होती. तिने एकच म्हटलं, काकाजींना विचारा, ते इथंच असतात.

अनिमेषने विचारलं.

श्यामराव रोज त्या खोलीत खुर्ची टाकून बसत. घड्याळ त्यांच्याही डोळ्यांसमोर होतं. पण त्या क्षणी त्यांची नजर बायकोच्या पाठीवर होती आणि पाठीखालच्या लाल रेक्झिनवर ओलसर डाग चमकत होता. मनात काहीतरी वर येऊ लागलं. ते येऊ नये म्हणून की काय, ते म्हणाले, "दुपारी माह्या डोळा लागते. मी काय सांगू."

तेवढं पुरलं. शांताबाई त्याच दुपारी गेली. समता कॉलनीत एका घरी तिचं पुढचं काम ठरत होतं. अनिमेषने तिथेही फोन करून सांगितलं. मग हवेची गादी आली, ड्रेसिंगला नर्स आली, पण जखम भरली नाही, तिचं विष रक्तात उतरलं. तीन महिन्यांनी विनोदिनीबाई गेल्या. शांताबाईच्या हलगर्जीपणाने आई गेली, असं अनिमेष आलेल्या प्रत्येकाला सांगत राहिला. श्यामराव शेजारी पांढऱ्या धोतरात बसलेले असत आणि ऐकत असत.

लाल गादी भिंतीला उभी करून ठेवलेली होती. दोन वर्षं ती तशीच राहिली. कोणी काढली नाही, कोणी विचारलं नाही.

भुरी ही विनोदिनीबाईंची कुत्री. तेरा वर्षांपूर्वी बूढा तालाबच्या काठावरून त्यांनी पदरात घालून आणलेली. मालकीण अंथरुणाला खिळली तेव्हा भुरी पलंगाखालून हलली नाही. मालकीण गेल्यावर ती श्यामरावांच्या खुर्चीखाली बसू लागली. या दसऱ्याच्या सुमारास तिचे मागचे पाय गेले. पुढच्या पायांवर स्वतःला ओढत ती ओसरीपर्यंत यायची, मग तेही थांबलं. अनिमेष म्हणाला की आता तिला सुई देऊन मोकळं करावं. श्यामरावांनी ऐकलं नाही. त्यांनी ती लाल गादी आडवी पाडली, तिचा तिसरा हिस्सा कापला, कडा शिवल्या, आणि भुरीला त्यावर ठेवलं. चांगला फोम वाया जाऊ नये एवढाच विचार होता.

आणि त्यांनी तिला वळवायला घेतलं. दर दोन तासांनी, घड्याळ लावून. बाहेर गेले तर वेळेआधी परत येत. एकही वेळ चुकली नाही. तरी विसाव्या दिवशी तिच्या खुब्यावरचे केस झडले, कातडी लाल झाली, आणि बाविसाव्या दिवशी फाटली.

तिला रिक्षात घालून ते समता कॉलनीतल्या जनावरांच्या डॉक्टरकडे, डॉक्टर क्षमांकडे गेले. क्षमा मराठीच होत्या, तरुण आणि सरळ बोलणाऱ्या. जखम धुताधुता त्यांनी विचारलं की कूस किती वेळाने बदलता. दर दोन तासांनी, श्यामराव म्हणाले. नक्की? नक्की. मग त्यांनी विचारलं की ती निजते कशावर. श्यामरावांनी सांगितलं.

"मग वळवून काय होणार, काका? रेक्झिनला हवा नाही. घाम, लघवी, सगळं खालीच राहतं, कातडी उकडल्यासारखी होते. शिवाय खालचा फोम कडक. रेल्वेच्या बर्थवर आपण एक रात्र झोपतो, म्हणून चालतं. महिनोन्‌महिने त्याच्यावर माणूस ठेवला तर माणूससुद्धा सडेल."

त्या हे सहज बोलल्या आणि पट्टी कापू लागल्या. श्यामराव टेबलाची कड धरून उभे होते. त्यांनी विचारलं, "म्हणजे वळवणाऱ्याची चूक नाही?"

"नाही हो. उलट वळवत होता म्हणून इतके दिवस तरी निभावलं."

श्यामरावांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला. डॉक्टरांना वाटलं की म्हाताऱ्यांना कमी ऐकू येतं. त्यांनी मोठ्याने तेच उत्तर दिलं.

म्हणूनच दुसऱ्या दिवशी श्यामराव धर्मपालच्या दुकानात कुत्र्याच्या गादीवर आडवे झाले होते. आपल्या हाताच्या पारखीवर त्यांचा भरवसा उरला नव्हता. आता ते अंगाने पाहू म्हणत होते. त्या दिवसभराच्या फेऱ्यांतही दर दोन तासांनी ते घरी येऊन भुरीला वळवून जात होते.

संध्याकाळी त्यांनी भुरीखालची लाल गादी काढून वर्तमानपत्रं पसरली, वळवण्याची जबाबदारी शर्मिष्ठावर टाकली, आणि सकाळी पहिल्या बसने अभनपूरला गेले. कोणाला कारण सांगितलं नाही.

शांताबाईचं घर शोधायला वेळ लागला. ज्या बाईला विचारलं ती म्हणाली की ती धानाच्या मंडीत, बाजारात, झाडायला जाते, पण आज सुट्टी आहे, घरीच असेल. गावाच्या कडेला दोन खोल्यांचं मातीचं घर. धानाची कापणी नुकतीच झालेली, म्हणून अंगणात पैरा रचून ठेवला होता. धान झोडपून उरलेल्या पेंढ्याला इकडे पैरा म्हणतात. शांताबाई गेल्या उन्हाळ्यातली चिंच सोलत बसली होती. दोन वर्षांत तिचे पुढचे दात गेले होते. श्यामरावांना बघून ती उठली नाही. पण आत जाऊन पाण्याचा तांब्या मात्र आणला, खाटेकडे हात केला, आणि पुन्हा चिंच घेऊन बसली.

श्यामराव खाटेवर बसले नाहीत. बसमध्ये तासभर जुळवलेलं सगळं विसरून गेले.

"शांताबाई, तू काकूले बरोबर वळवत होती," ते म्हणाले. "मी जागा राहत होतो. मले मालूम होतं."

तिचे चिंच सोलणारे हात थांबले नाहीत. "मले बी मालूम होतं काकाजी, का तुमाले मालूम हाय."

"मग बोलली काहून नाही?"

"कोण आयकलं असतं? तुमी घरचे. मी पगारी."

कोंबडी येऊन चिंचोके टोचू लागली. तिने हाताने हाकलली. मग विचारलं की आजच काहून आले, इतक्या दिवसांनी काय झालं. श्यामरावांनी भुरीचं सगळं सांगितलं. गादी कापून दिली ते, दर दोन घंट्यांनी वळवलं ते, तरी जखम झाली ते, डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते. सांगताना त्यांचा आवाज नीट होता. तिने सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे कुत्रीले जखम झाली तवा कळलं," ती म्हणाली. "काकूले झाली तवा नाही."

खरं म्हणजे तेव्हाही कळलं होतं. पण हे तिला सांगणं म्हणजे दुसरं पाप उघडं करणं होतं, आणि तेवढा धीर त्यांना अजून नव्हता. त्यांनी तांब्या उचलला, पाणी प्यायले, तांब्या जागेवर ठेवला.

"तवाही कळलं होतं," ते म्हणाले. "गादी मी शिवली होती ना."

शांताबाईने पहिल्यांदा त्यांच्याकडे नीट बघितलं. सोललेली चिंच सुपात टाकली, हात पदराला पुसले. मग ती सांगू लागली, तेही दुसऱ्या कोणाचं सांगावं तसं. समता कॉलनीतलं काम गेलं. पुढे दोन ठिकाणी विचारलं, तर तिथे आधीच नाव पोचलेलं. अनिमेषभैयाने जे म्हटलं ते फिरत फिरत इथं गावापर्यंत आलं, आणि इथं त्याचं आणखी वाढून झालं: शांताने एक बाई मारली. तिच्या मुलीच्या सासरी दोन महिने तिला बोलावणं नव्हतं. आता मंडीत सांडलेलं धान झाडते, तिथं कोणी काही विचारत नाही.

"भैयाले सांगा," ती म्हणाली. "आत्ता. माह्या समोर."

श्यामरावांनी खिशातून मोबाइल काढला. नंबर शर्मिष्ठाने एक आकडा दाबून लागेल असा करून दिला होता, तोच आकडा त्यांनी दाबला. त्यांनी फोन हातावर आडवा धरला, तिला ऐकू जावं असा. अनिमेषचा आवाज आला. मागे माणसं बोलत होती, कुठे खुर्ची सरकली.

"अनिमेष, मी अभनपूरला आहे. शांताबाईकडे." श्यामरावांनी फोन तोंडाजवळ आणला. "ती आईले वळवत होती. रोज, टायमावर. मी झोपत नव्हतो. मी खोटं बोललो. जखम माह्या गादीनं झाली."

पलीकडे कोणीतरी मागून अनिमेषला हाक मारली.

"बाबा, मैं अभी मीटिंग में हूँ," तो म्हणाला. "शाम को बात करते हैं।"

फोन बंद झाला. श्यामराव तसाच हात पुढे करून उभे होते.

"हव," शांताबाई म्हणाली. जणू इतकंच होणार हे तिला ठाऊक होतं. ती उठून आत गेली.

श्यामरावांना निघायला हवं होतं. कोणी बसा म्हटलं नव्हतं आणि जा म्हटलं नव्हतं. ते अंगणात उन्हात उभे राहिले. थोड्या वेळाने शांताबाई बाहेर आली. तिच्या हातात रिकामं पोतं होतं. पैऱ्याच्या ढिगातला खालचा दमट पेंढा बाजूला सारून ती मधला कोरडा, पिवळाधमक पैरा पोत्यात भरू लागली. कुत्रीखाली आता काय घातलं, असं तिने पाठमोरीच विचारलं. वर्तमानपत्रं, श्यामराव म्हणाले, आणि राहू दे, तू काहून देतेस, असं काहीतरी पुटपुटले.

"कुत्रीनं माह्यं काही बिघडवलं नाही," ती म्हणाली.

तिने सांगितलं की हातभर जाड पसरा, वर धुतलेला सुती कपडा, एकच पदर. ओलं झालं की तेवढा पैरा काढून फेकायचा, नवा घालायचा. पोत्याचं तोंड सुतळीने बांधताना ती थांबली.

"अन् याले शिवू नका," ती म्हणाली.

श्यामराव पोतं मांडीवर घेऊन बसने परत आले.

ओसरीच्या कोपऱ्यात विटांची एक ओळ लावून त्यांनी पैरा पसरला, वर जुन्या चादरीचा एक पदर टाकला आणि भुरीला उचलून ठेवलं. ती थोडा वेळ नुसती हुंगत राहिली. मग तिने पुढच्या पंजांनी पैरा उकरायला सुरुवात केली. मागचं अंग मेलेलं, पण पुढचे पंजे खसाखसा चालत होते. तिने आपल्या छातीएवढा खळगा केला, त्यात हनुवटी टेकवली आणि मोठा श्वास सोडला. शर्मिष्ठा दारातून बघत होती. ती म्हणाली की महिन्याभरात पहिल्यांदा तिने स्वतःची जागा स्वतः केली.

अनिमेष संध्याकाळी आला, जेवला, वरच्या खोलीत गेला. दुसऱ्या दिवशीही तसंच. शर्मिष्ठाला सगळं कळलं होतं. तिने सासऱ्यांना दोष दिला नाही आणि समजूतही घातली नाही, फक्त वाढताना त्यांच्याकडे बघेनाशी झाली. तिसऱ्या दिवशी अनिमेष ओसरीत येऊन उभा राहिला. श्यामराव भुरीचं ड्रेसिंग करत होते.

"आपने उस दिन क्यों नहीं बोला?" त्याने विचारलं.

"लोकं गादी पाहायले आले होते," श्यामराव म्हणाले. त्यांना दुसरं खरं कारण सापडलं नाही.

अनिमेषने भुरीच्या उघड्या जखमेकडे बघितलं. "मैंने उसको चोर बोला था, बाबा," तो म्हणाला. "माँ के सामने। माँ सब सुन रही थी।" आणि तो आत गेला.

माँ सब सुन रही थी. श्यामरावांच्या हे कधी मनातच आलं नव्हतं. विनोदिनीबाईंचं बोलणं गेलं होतं, कान गेले नव्हते. खरं काय ते सगळ्यांत जास्त त्यांना माहीत होतं, आणि नवरा 'डोळा लागते' म्हणाला तेव्हा त्या त्याच खोलीत, त्याच गादीवर होत्या. श्यामरावांनी पट्टी हातातून खाली ठेवली आणि ती पुन्हा उचलायला त्यांना बराच वेळ लागला.

त्या रविवारी अनिमेष स्कूटर घेऊन अभनपूरला गेला. दुपारी परतला तेव्हा पुढे पायाशी पैऱ्याचं पोतं होतं. पोतं त्याने ओसरीत ठेवलं. त्याने माफी मागितली होती. समता कॉलनीतल्या त्या घरी आणि आणखी ज्यांना ज्यांना बोललो त्यांना खरं सांगीन असंही कबूल केलं होतं. शांताबाई काय म्हणाली, असं श्यामरावांनी विचारलं. बसा म्हणाली नाही, अनिमेषने सांगितलं. पैरा घेऊन जायला सांगितला. पुढच्या आठवड्यात त्याने खरंच फोन केले. शर्मिष्ठाने ते ऐकले. काहींनी ऐकून घेतलं, काहींना ती बाई आठवतही नव्हती. शांताबाईला पुन्हा कोणी काम देऊ केलं की नाही ते तिने कधी सांगितलं नाही. कोणी ठेवलं तरी ती शहरात येईल असं श्यामरावांना वाटत नव्हतं.

लाल गादीचा उरलेला भाग श्यामरावांनी एका सकाळी उसवला. शेजारचा हरिदास आपल्या दुकानात बसायला म्हणून मागायला आला होता, पण त्यांनी दिला नाही. सगळे टाके ब्लेडने कापले, रेक्झिन आणि फोम वेगळे केले, दोन्हीचे तुकडे केले आणि कचऱ्याच्या गाडीत टाकले. टाके पक्के होते. दुपारपर्यंत वेळ लागला.

भुरी पैऱ्यावर दोन महिने जगली. अनिमेष दर पंधरवड्याला अभनपूरहून पोतं आणत असे. जखमेचा वास गेला, मग पाणी थांबलं, मग कडा आत येऊ लागल्या. डॉक्टर क्षमांनी बघून आश्चर्य व्यक्त केलं, पण वय झालंय, मूत्रपिंडं थकलीत, हेही सांगितलं. थंडी वाढली तसं तिचं खाणं कमी झालं. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात ती नुसतं पाणी चाटत होती.

एका सकाळी आठ वाजता श्यामराव तिची कूस बदलायला ओसरीत आले. खाली बसले, एक हात मानेखाली आणि एक कमरेखाली घातला, आणि ती गार लागली. पुढचे पंजे पैऱ्यात खुपसलेले होते. शर्मिष्ठा चहा घेऊन आली, तिने बघितलं आणि पेला उंबऱ्यावर ठेवला.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "गेली ती."

"मालूम आहे," श्यामराव म्हणाले.

पण हात घातलेलेच होते. त्यांनी तिला सावकाश उचललं आणि दुसऱ्या कुशीवर ठेवलं, पाय सरळ केले. खुब्यावरची जागा आता वर आली. कातडी मिटली होती, आणि तिच्यावर बारीक, तांबूस, नवे केस उगवले होते.